गवत्याचा नेम

मडकं फुटलं आणि सातशे माणसांनी एकदम श्वास सोडला. तो गोळा करून भट्टीत सोडला असता तर फॅक्टरीचा आठवड्याचा कोळसा वाचला असता.

मडक्यातलं काळं तेल खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पडलं, डोक्यावरून कपाळावर आणि कपाळावरून डोळ्यांत. हा माणूस साबणाच्या फॅक्टरीचा रखवालदार. आरोप असा, की तो पहाऱ्यावर झोपला. मिनिटभरापूर्वी तो "मी झोपलो नाही हो" असं म्हणत होता. आता काहीच म्हणत नव्हता, कारण तोंड उघडलं की तेल आत जात होतं.

"झालं की नाही तोंड काळं?" लाउडस्पीकरवरून भोंगा गरजला. भोंगा म्हणजे नेमबाबांचा पट्टशिष्य. आईबापांनी त्याचं काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण त्याच्या रडण्यात ते कोणाला ऐकू गेलं नसावं. "बोला मंडळी, बाण कसा जातो?"

"सुतासारखा सरळ!"

"आणि वाकतो कोणासाठी?"

"खोट्यासाठी!"

दर रविवारी सकाळी फॅक्टरीच्या आवारात हा न्याय चालायचा. तीन मजले उंचीचा एक लाकडी मनोरा होता. वर कप्पी, कप्पीवरून सुतळी. सुतळीच्या एका टोकाला तेलाचं मडकं लटकायचं आणि दुसरं टोक चाळीस पावलांवर, नेमबाबांच्या पायाशी ठोकलेल्या खुंट्याला बांधलेलं असायचं. खुंट्याकडे येताना ती सुतळी बरोबर बाणाच्या टोकापुढून यायची. मनोऱ्याखाली दोन पुरुष उंचीवर दोरीचं विरळ जाळं, जाळ्याखाली चुन्याचं वर्तुळ आणि वर्तुळात आरोपी.

बाबा धनुष्य ओढायचे. मग गावातला सुतार त्यांच्या मागे उभा राहून, फळीला रंधा मारताना लावतो तशी एका डोळ्याने नजर लावायचा आणि जाहीर करायचा, "बाण सरळ मडक्यावर. सूतभर फरक नाही." बाण सुटायचा, त्याचं पातं सुतळी कापायचं आणि त्याच क्षणी मडकं खाली यायला लागायचं.

आता शहाण्या माणसाने काय समजायचं? बाण निघालाय मडकं होतं तिकडे, आणि मडकं तर तिथून निघून चाललंय. म्हणजे बाण वरून जाणार, मडकं जाळ्यात अलगद पडणार आणि आरोपी घरी जाणार. खऱ्या माणसाच्या बाबतीत तसंच व्हायचं. पण आरोपी खोटा असला, की बाण हवेतल्या हवेत वाकायचा, पडत्या मडक्यामागे धावायचा आणि त्याला अर्ध्या वाटेत गाठायचा. खापऱ्या आणि तेल जाळ्यातून गळून खाली यायचं. सातशे जणांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर डोकं कशाला वापरायचं?

"लोक म्हणतात, बाबांचा नेम अचूक," बाबा माइक ओढून घेत म्हणाले. "अरे बाळांनो, नेम धरतो तो शिकारी. मी नेम धरत नाही, मी नेम पाळतो! पहाटे थंड पाणी आणि दिवसात एकदाच जेवण." हे जेवण सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतं, हे सांगायचं राहिलं. "मी फक्त सोडतो. खोट्याचा वास बाण घेतो. आणि खरा माणूस समोर असला तर? तर बाण आधी त्याला नमस्कार करतो!"

तेही खरं होतं. गेल्या रविवारी मालकांच्या मेहुण्याने मजुराला मारलं की नाही, याचा निवाडा होता. सुतार "सरळ" म्हणाला आणि तेवढ्यात बाणाने टोक जरासं वर उचलून मेहुण्याला नमस्कार केला. मग तो सुटला, मडक्याच्या वरून गेला आणि मेहुणा निर्दोष ठरला. मजुराचा अर्धा दात अजून मेहुण्याच्या अंगठीत अडकलेला होता, पण दाताला कोण विचारतो.

गर्दीत मागे लॅबताई उभी होती. शाळेच्या प्रयोगशाळेत ती एकोणीस वर्षं परिचर होती. बाटल्या धुणं, काचा मोजणं, बेडूक मेला आहे याची खात्री करणं आणि खेळाच्या कपाटाची किल्ली सांभाळणं, ही तिची कामं. ती आज बाणाकडे बघत नव्हती. ती बाबांच्या तोंडाकडे बघत होती. धनुष्य ओढताना बाबांच्या जिभेचं टोक उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं.

"अगं बाई," लॅबताई स्वतःशीच म्हणाली, "हा तर गवत्या!"

पंधरा वर्षांपूर्वी शाळेच्या तिरंदाजीच्या संघात हा मुलगा होता. त्याचा बाण कधी उजवीकडे गेला नाही, कधी डावीकडे गेला नाही. बरोबर मधोमध जायचा आणि फळीच्या खाली गवतात शिरायचा. ते बाण गवतातून वेचायचं काम लॅबताईचं. प्रशिक्षक घसा फोडून सांगायचे, "अरे गवत्या, निशाणाच्या वर धर, वर!" आणि हा जीभ आत घेऊन विचारायचा, "निशाण तर खाली आहे ना सर? वर काय आहे?" वर काही नव्हतं. त्या काहीच नसलेल्या जागी नेम धरता न आल्यामुळे तो चार वर्षं सगळ्या स्पर्धा हरला आणि मग गावातून गेला. परत आला तो दाढी घेऊन.

ज्याला जागचं हलत नसलेलं निशाण कधी लागलं नाही, तो आता पडतं निशाण फोडत होता. लॅबताईला हे कोडं मडक्याहून मोठं वाटलं.

"पुढचा रविवार!" भोंगा ओरडला. "आरोपी, बॉयलरवाला वाफ्या!"

वाफ्या लॅबताईचा धाकटा भाऊ होता.

तीन आठवड्यांपूर्वी फॅक्टरीचा बॉयलर फुटला होता. बॉयलरला एक सुरक्षा झडप असते. तिच्या दांडीला ठरावीक वजन असतं. वाफ जास्त झाली की ती दांडी उचलून बाहेर पडते आणि माणसं वाचतात. ही झडप महिनाभर फुसफुसत होती. वाया जाणारी वाफ बघून मालकांचा जीव खालीवर व्हायचा. वाफ्याचं म्हणणं असं, की मालकांनी स्वतःच्या हाताने त्या दांडीला आपला पितळी करंडक तारेने बांधला. आपण तीनदा सांगितलं, साहेब काढा, तर म्हणाले, तू वाफ सांभाळ, मी फॅक्टरी सांभाळतो. दोन दिवसांनी झडप दांडीसकट उखडून पत्र्याच्या छतातून बाहेर गेली आणि उरलेली वाफ शेजारच्या पॅकिंगच्या खोलीत शिरली. तिथे पॅकिंगच्या काकू साबणाला कागद गुंडाळत होत्या. आता दवाखान्यात काकूंच्या दोन्ही हातांना लोक पट्ट्या गुंडाळत होते.

मालकांचं म्हणणं सोपं होतं. "कसला करंडक? करंडक नव्हताच. वाफ्या झोपला होता."

काकूंच्या दोन मुलांनी सांगून टाकलं होतं, की वाफ्याच्या डोक्यावरचं मडकं फुटू दे, मग आईच्या हातांचं जे झालं तेच आम्ही त्याच्या हातांचं करू. पाणी कशात उकळायचं, तेही ठरलं होतं. भाऊ मोठे प्रेमळ; आईसाठी भांडंसुद्धा घरचंच द्यायला निघाले होते.

घरी वाफ्या निवांत जेवत होता.

"घाबरतेस काय ताई? मी खरं बोलतोय. बाण मला नमस्कार करील."

"आजचा रखवालदारही खरं बोलत होता."

"तुला काय ठाऊक?"

"अरे, त्याच्या दाढेला गळू झालंय. चार दिवस तो अख्ख्या आळीला झोपू देत नाहीये. तो स्वतः कुठून झोपेल?"

वाफ्याचा घास हातातच राहिला. "मग बाण का लागला?"

"तेच बघते."

"आणि नाही सापडलं तर?"

लॅबताईने त्याच्या हातांकडे बघितलं. बोटांवर कोळशाच्या रेषा होत्या, घासूनही न जाणाऱ्या. "जेव आधी," ती म्हणाली. "हातानेच जेव."

दुसऱ्या दिवशी तिने विज्ञानाच्या सरांना गाठलं.

"सर, तो आपला नळीचा प्रयोग आहे ना, पडत्या डब्याचा—"

"ताई, नेमबाबांच्या तिथे भौतिकशास्त्र चालत नाही. तिथे ऊर्जा आहे."

"कसली ऊर्जा?"

"नुसती ऊर्जा." सरांच्या खिशात लाल पेनच्या मागे बाबांचा फोटो होता.

"मग मुलांना परीक्षेत गुरुत्वाकर्षण कशाला विचारता?"

"परीक्षा वेगळी, आयुष्य वेगळं."

"आयुष्यात नापास झालं तर फेरपरीक्षा असते का सर?"

सरांनी तिला परीक्षानळ्या धुवायला सांगितल्या.

तिने त्या धुतल्या आणि मग मधलं कपाट उघडून तो प्रयोग बाहेर काढला. एकोणीस वर्षं सर हा प्रयोग दाखवत आले होते. म्हणजे सर बोलायचे आणि ताई फुंकायची. एक पितळी नळी, तिच्या तोंडाशी चकचकीत धातूच्या कागदाची पट्टी. पट्टीतून वीज जाते ती उंचावरच्या चुंबकाला, आणि चुंबकाला चिकटलेला असतो पत्र्याचा डबा. नळीत वाटाणा ठेवायचा, नळी थेट डब्यावर रोखायची आणि फुंकायचं. वाटाणा पट्टी फाडून बाहेर पडतो, वीज तुटते, चुंबक डब्याला सोडतं. टाळ्या सरांना मिळायच्या. ताईला वाटाणे वेचायला मिळायचे.

तिने फुंकलं. ठण्ण!

टेबलाची उंची बदलून फुंकलं. ठण्ण! हळू फुंकलं, वाटाणा डब्याला अगदी खाली गाठून लागला. जोरात फुंकलं, वरच लागला. पण लागला. डबा काढून फक्त चुंबकावर नळी रोखून फुंकलं, तर वाटाणा चुंबकाच्या बराच खालून गेला आणि भिंतीवरच्या शास्त्रज्ञाच्या चित्राला छातीत लागला.

"गवतात," लॅबताई म्हणाली आणि एकटीच हसत सुटली. एकोणीस वर्षं तिने वाटाणे वेचले होते आणि चार वर्षं बाण, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

संध्याकाळी ती वाफ्याबरोबर बॉयलरपाशी गेली. छताच्या पत्र्यात तिरकं भोक होतं.

"मालकांनी माणसं आणली होती," वाफ्या म्हणाला. "बॉयलरपाशी उभं राहून भोकातून सरळ बघितलं. समोर लांबवर टेकडी दिसली. दोन दिवस टेकडी विंचरली. काही नाही. म्हणून म्हणतात, करंडक नव्हताच."

लॅबताईने भोकातून बघितलं. टेकडी खरंच दिसत होती. मग तिने ती बघायची सोडली आणि टेकडीच्या दिशेलाच, पण अलीकडे काय काय आहे ते मोजायला लागली.

रविवारी आठशे माणसं आली. वाढीव शंभर काकूंच्या नात्यातली होती. भांडं आणलेलं होतं. पहिल्या रांगेत मालक, त्यांच्या शेजारी मालकांची आई आणि मागे विज्ञानाचे सर. काकूंच्या मोठ्या मुलाने वाफ्याला वर्तुळात ढकललं.

"आरोपी म्हणतो, मालकांनी करंडक बांधला!" भोंगा म्हणाला. "कोणाला काही शंका असेल त्याने हात वर करावा. नाही? मग—"

हे वाक्य तो दर रविवारी म्हणायचा, नाटकाआधी तिसरी घंटा द्यावी तसं. हात कधी वर व्हायचा नाही. आज झाला. पुढे काय म्हणायचं ते भोंग्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

"मला शंका आहे," लॅबताई म्हणाली.

"कसली?"

"दाखवावी लागेल. टेबल आणलंय."

तिने मनोऱ्यापाशी टेबल मांडलं, काठीला चुंबक टांगलं, बॅटरी जोडली, डबा चिकटवला, खाली टोपली ठेवली आणि नळी सगळ्यांना दिसेल अशी धरली. "बाबांचाच न्याय, छोट्या मापात. सुतारकाका, नजर लावा."

सुताराने सवयीने डोळा मिटला. "सरळ डब्यावर. सूतभर फरक नाही."

"वाक्य असं," लॅबताई म्हणाली, "सूर्य पूर्वेला उगवतो."

फू! ठण्ण!

"लागला. म्हणजे सूर्य खोटारडा. पुढचं वाक्य. आपले मालक हे त्यांच्या वडिलांचेच चिरंजीव आहेत."

फू! ठण्ण!

कुठेतरी मागे एकजण फिसकला आणि सगळं आवार फुटलं. मालकांच्या आईंनी मालकांकडे अशा नजरेने बघितलं, की जणू दोष त्यांचाच.

"आता तिसरं वाक्य," लॅबताई म्हणाली. "मी उडू शकते. आणि मी खरी आहे, म्हणून नळी आधी मला नमस्कार करते, हं." तिने नळीचं तोंड जरासं वर उचललं आणि फुंकलं. वाटाणा डब्यावरून निघून गेला, डबा टोपलीत अलगद पडला. "निर्दोष! आता कोणाला गच्चीवरून उडी मारून दाखवू?"

"पोरखेळ!" बाबा ओरडले. "फुंकणीची आणि दिव्य बाणाची बरोबरी?"

"मग बाणानेच करू. माझी एकच विनंती आहे. सुतळी वर खांबाला पक्की बांधा, मडकं पडू देऊ नका. तुम्ही पडतं मडकं फोडता, आज थांबलेलं फोडा. ते तर सोपं. आणि बाण सरळच रोखायचा, नेहमीसारखा."

"थांबलेलं तर माझा नातूही फोडील!" कोणीतरी ओरडलं. "मारा बाबा! मारा!"

बाबांनी इकडे तिकडे बघितलं. आठशे भक्तांतून पळायला वाट नव्हती. भक्तांचा हा एक मोठा दोष असतो. मडकं बांधलं. वाफ्याला बाजूला केलं. बाबांनी धनुष्य ओढलं, जिभेचं टोक बाहेर आलं. सुतार म्हणाला, "सरळ मडक्यावर. सूतभर फरक नाही."

बाण सुटला आणि मडक्याच्या खालून जाऊन मागच्या गोदामाच्या फळ्यांत रुतला.

"वारा!" बाबा म्हणाले.

दुसरा बाण पहिल्याच्या शेजारी रुतला. तिसरा दोघांच्या मधे. मडकं मजेत लटकत होतं. गेल्या सहा महिन्यांत एवढं आयुष्य एकाही मडक्याला मिळालं नव्हतं.

"गवत्या," लॅबताई म्हणाली, "जीभ आत घे."

"हो ताई," बाबा म्हणाले आणि जीभ आत घेतली. माइक चालू होता.

सुताराने शिडी लावून, दोरी सोडून मोजलं. "बाणाच्या रेघेपासून उभ्या माणसाएवढा खाली," तो म्हणाला, आणि मग हळूच, "पण मी तर सरळ बघितलं होतं."

"बघितलं सरळच होतं काका. बाण सरळ जात नाही," लॅबताई म्हणाली. "कधीच जात नाही. सुटल्या क्षणापासून तो पडायला लागतो. पुढे धावतो म्हणून आपल्याला पडताना दिसत नाही. पडण्याला वजन कळत नाही, वेग कळत नाही. पुढे धावत पडणारा आणि जागच्या जागी पडणारा, दोघं एकाच घाईने पडतात. बाण सुतळी कापून निघाला, त्याच क्षणी मडकं सुटलं. बाण आपल्या रेघेखाली माणूसभर पडला, मडकंही तेवढ्या वेळात माणूसभर पडलं. भेट होणारच. त्यात कोणी खरं बोललं काय आणि खोटं बोललं काय. ज्याला सोडायचं त्याच्या वेळी हा टोक वर उचलतो. त्यालाच तुम्ही नमस्कार म्हणता."

"आणि मला थांबलेलं निशाण कधीच लागलं नाही हो," गवत्या माइकवरच रडायला लागला. "शाळेपासून. मग एकदा पडणारं निशाण लागलं. पहिल्यांदा कोणीतरी टाळ्या वाजवल्या."

त्याची दया यावी असा हा क्षण होता. तेवढ्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेला रखवालदार, आवाज कुठून येतोय त्याचा अंदाज घेत, चाचपडत पुढे आला. त्याने गवत्याला शोधलं आणि थोबाडीत मारली. पहिली भोंग्याला बसली. दुसरी बरोबर लागली.

मालक उठले. "ठीक आहे, बाबा भोंदू. म्हणून वाफ्या खरा झाला का?"

"नाही," लॅबताई म्हणाली. "आज पहिल्यांदा तुम्ही बरोबर बोललात. बाणाने काहीच सिद्ध होत नाही, ना खोटं ना खरं. त्यासाठी वस्तू बघावी लागते."

"वस्तू नाहीच! टेकडीपर्यंत शोधलं."

"भोकातून सरळ बघून शोधलंत. झडप काय सुतासारखी जाणार होती? बाण पडतो, वाटाणा पडतो, तुमची झडपही पडणार. गवत्याचा बाण उजवी-डावीकडे चुकला नाही कधी, चुकला तो फक्त खाली. म्हणजे दिशा टेकडीचीच, फक्त अलीकडे. या दिशेला टेकडीच्या आधी दोन छपरं आहेत. सुतारकाका, शिडी तुमच्याच हातात आहे."

पहिल्या छपरावर सुताराला एक चेंडू आणि पारव्याची दोन अंडी सापडली. मालकांनी घाम पुसला. आठशे माणसं दुसऱ्या छपराखाली सरकली, ती साबण वाळवायची शेड होती. सुतार वर चढला, पन्हळीत वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

मग त्याने दांडी वर धरली. दांडीला तार होती, तारेला पितळी करंडक होता.

"वाचा की!" खालून काकूंचा मोठा मुलगा ओरडला.

सुताराने सदऱ्याने करंडक पुसला. "'अपघातमुक्त कारखाना,'" तो वाचू लागला. "'वर्षातील सर्वोत्कृष्ट सुरक्षेबद्दल मालकांना सादर...'"

काकूंच्या धाकट्या मुलाने आणलेलं भांडं हळूच पायाने मागे सरकवलं. आणि मग गर्दीतून एक आवाज आला, "बाबा, मारा की एक बाण! मालक खोटे आहेत का बघू!"

"शाबास," लॅबताई म्हणाली. "करंडक समोर आहे, त्याच्यावर नाव कोरलेलं आहे, आणि तुम्हाला अजून मडकं हवंय."

पोलीस मालकांना घेऊन गेले. चार दिवसांत सोडूनही दिलं; खटला चालू आहे. गवत्यालाही नेलं. वाफ्याची नोकरी राहिली नाही, कारण फॅक्टरीच राहिली नाही. हात मात्र दोन्ही राहिले. रखवालदाराचा एक डोळा गेला. सातशे माणसांपैकी एकानेही त्याची माफी मागितली नाही; प्रत्येकाचं म्हणणं, आपण फक्त बघत होतो.

पुढच्या रविवारी सकाळी लॅबताईच्या दाराशी रांग लागली.

"ताई, तुमच्या नळीने बघा ना, पोरगा पास होईल का?"

"ताई, जावई खरं बोलतो का? एकच वाटाणा मारा."

"फुंकताई की जय!" भोंगा रांगेशेजारी उभा राहून ओरडला. त्याला नवी नोकरी हवी होती.

लॅबताईने कपाळावर हात मारला. मग टेबल बाहेर आणलं आणि नळी रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात दिली.

"मी नाही फुंकणार, तुम्ही फुंका. आणि मनात येईल ते बोला. खरं बोला, खोटं बोला, शिव्या द्या. सरळ रोखलं तर लागेल, वर उचललं तर चुकेल. दहादा करा. जे दर वेळी तसंच होतं ते कोणाचीच बाजू घेत नाही. कोणी म्हणालं, हे फक्त मलाच जमतं, तर त्याच्या हातातलं काढून घ्या आणि स्वतः करून बघा. देत नसेल तर समजा, त्यात काहीतरी लपवलंय."

एकेकाने फुंकलं. दुपारपर्यंत सूर्य, सासवा, सरकार आणि स्वतः भोंगा असे सगळे खोटे ठरले. सर पण आले. त्यांनी फुंकलं, लागलं, आणि ते "वा! भौतिकशास्त्र!" असं म्हणाले, जणू त्यांनीच आणलेलं.

सगळ्यात शेवटी पॅकिंगच्या काकू आल्या, दोन मुलांच्या मधून. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. नळी धरता येईना. मोठ्या मुलाने नळी त्यांच्या तोंडाशी धरली, धाकट्याने वाटाणा ठेवला.

"काय बोलू?" काकूंनी विचारलं.

"काहीही," लॅबताई म्हणाली.

काकूंनी थोडा विचार केला. "माझे हात पहिल्यासारखे होतील," त्या म्हणाल्या आणि फुंकलं.

ठण्ण!

मोठा मुलगा खाली बघायला लागला. लॅबताई घाईघाईने पुढे झाली. "काकू, याला काही कळत नाही हो. डबा पडतो, वाटाणाही पडतो, बस. हातांचं डॉक्टरांना विचारा."

"विचारलं," काकू म्हणाल्या. "तेही नाहीच म्हणाले. पण त्यांनी पट्टी सोडून हात बघितले, आणि मग म्हणाले."